न हसण्याचा तास

सर दहावीच्या वर्गात आले ते उलटे चालत. दारातून आधी त्यांची पाठ आली, मग टेबलाला कंबर लागली तसे ते थांबले आणि दाराकडे तोंड करूनच म्हणाले, "आज मी काय बी करीन. तुमी एकच करायचं न्हाय. हसायचं न्हाय."

अर्थात सगळा वर्ग फुटला. सर वळले. खिशातला रुमाल काढून डोक्यावर पदरासारखा घेतला आणि आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात प्रार्थनेनंतरच्या सूचना द्यायला लागले. हेडमास्तर प्रत्येक वाक्याआधी खाकरत, तेही खाकरणं हुबेहूब. मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली. मी शेवटच्या बाकावर बसले होते, कारण खुद्द हेडमास्तरांनीच मला "या तासाला जरा लक्ष ठेवा" म्हणून पाठवलं होतं. मी वही तोंडापुढे धरली, पण खांदे हलत होते.

"टीचर," सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुमी बी फेल."

परवा त्यांच्या शोकसभेत जो तो उठून सांगत होता की सर फार विनोदी होते. सगळ्यांनी नकला सांगितल्या, रुमालाची गोष्ट तर दोघांनी सांगितली.  मला सभेत बोलता येत नाही, लिहिता थोडंफार येतं, तेही सावकाश. पण घरी येताना बसमध्ये मला राहून राहून वाटत होतं की विनोदी हा शब्द त्यांना पुरत नाही. त्या वर्षी त्यांनी जे केलं ते आठवलं की आजही माझी छाती धडधडते, आणि विनोदी माणसामुळे असं होत नाही.

आमची शाळा म्हणजे बेळगाव सोडून हायवेनं संकेश्वरकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका गावातलं सरकारी हायस्कूल, मराठी माध्यमाचं. आठवी ते दहावी. सर तिथे चित्रकला शिकवत. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती. कानावर कायम एक रंगीत खडू खोचलेला असे, कोणत्या दिवशी कोणता रंग हे त्यांच्या मनःस्थितीवर ठरे. चहाला मार्क देत. घोट घेतला की डोळे मिटून "पस्तीस, काठावर पास" म्हणत, आणि चहा करणारी शिपाईण मावशी "मास्तर, उद्याच्याला फेलच करते बघा" म्हणून कप ओढून घेई. बसमध्ये झोपलेल्या लोकांची चित्रं काढायची त्यांना सवय होती. ती व्यक्ती जागी झाली की चित्र तिच्या हातात देऊन उतरून जात.

एक दिवस वरून परिपत्रक आलं. प्रत्येक हायस्कूलमध्ये रॅगिंग होऊ नये म्हणून मुलांचा तास घ्यावा, असं. हेडमास्तरांनी ते स्टाफरूममध्ये वाचलं, खाकरले आणि म्हणाले, "चित्रकलेचे सर, तुम्ही घ्या हे. तुमचा विषय कुठं परीक्षेला असतोय."

"रॅगिंग कॉलेजात असतंय वो," गणिताचे सर म्हणाले. "आपल्यात कुठलं आलंय?"

"आपल्यात नव्याला गोड करत्यात," सर म्हणाले.

दोघं-तिघं हसले. मी बेळगावात, शहरात वाढलेली. मला ते काय असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचा भाग उसाचा. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की दहावीची मुलं एका गुऱ्हाळावरून काकवीचा डबा मागून आणत. गुळाआधीची ती पातळ, चिकट, तांबूस काकवी. मालकही हसत हसत फुकट देई, कारण त्यानंही शाळेत असताना हेच केलेलं. मग मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा निवडायचा, बहुतेक वाडीवस्तीवरून आलेला, ज्याचं गावात कुणी नाही असा. त्याला मैदानातल्या चिंचेखाली बसवायचं, डोक्यावर काकवी ओतायची आणि केस चोळायचे. माशा यायच्या, मुंगळे यायचे, एखादी गांधीलमाशी यायची. त्याला उठू द्यायचं नाही. सगळी शाळा भोवती उभी राहून हसे. कुणी त्याला छळ म्हणत नसे, कारण त्याला नाव इतकं छान होतं.

मी शाळेत रुजू व्हायच्या आधी एका धनगरवाड्यावरच्या मुलाला असंच गोड केलं होतं. डोळ्याजवळ गांधीलमाशी चावली. ते बरं झालं, पण पुढं सगळी शाळा त्याला "माशी" म्हणायला लागली. वर्षाच्या आतच त्यानं शाळा सोडली.

त्याचा धाकटा भाऊ बिरू त्या वर्षी आठवीत आला. त्याची आई त्याला घेऊन ऑफिसात आली होती तेव्हा मी तिथेच होते. ती खुर्चीवर बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "थोरला गेला मेंढरामागं. ह्येला बी तसंच करनार असलासा तर आत्ताच सांगा. फुकट दप्तर कशाला घिऊ?"

हेडमास्तर कागद चाळत राहिले. सर दाखल्यावर शिक्का मारायला आले होते, ते म्हणाले, "करनार न्हाय, आक्का."

"कोन म्हनतंय?"

"मी म्हनालोय."

तिनं त्यांना आपादमस्तक पाहिलं. कानावर त्या दिवशी जांभळा खडू होता. तिला फारसा भरवसा वाटला असेल असं नाही. तरी तिनं बिरूला तिथं सोडलं.

सरांचा पहिला तास मी सांगितला तो. दुसरा याहून वेगळा होता. त्यांनी फळ्यावर दोन मुलं काढली, एक खाली बसलेला, एक त्याच्या डोक्यावर डबा धरून उभा. भोवती नुसते लांबट गोल काढले. तोंडं नसलेले चेहरे. मग एकेकाला बोलावून खडू दिला. "आपापलं तोंड काढा."

मुलं आली आणि एकामागून एक हसरी तोंडं काढून गेली. फळा भरला. सर मागे जाऊन पाहत उभे राहिले.

"चित्र झ्याक आलंय," ते म्हणाले. "पन ह्ये काढलं कुनी?"

"तुमी, सर."

"मी दोघंच काढलो. बाकी सगळं तुमी काढलासा."

 पुढच्या बाकावर परशा बसला होता, कबड्डीचा कॅप्टन, सरांचा चित्रकलेतला सगळ्यात लाडका विद्यार्थी. दरवर्षी डबा कॅप्टन उचलत असे, तेव्हा यंदा डबा त्याच्याच हातात असणार हे सगळ्यांना माहीत होतं. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. मला ते खटकलं. तासानंतर मी विचारलं, "सर, तुम्ही परशाला का नाही सांगत सरळ?"

"त्यो दुकानदार हाय, टीचर. दुकानदाराला दुकान बंद कर म्हनून सांगितलं तर करतोय व्हय? गिऱ्हाईक गेलं की त्योच फळ्या लावतोय." ते हात झटकत म्हणाले. "डबा वतनारा एक, खाली बसनारा एक. त्या दोघांचा मास्तर कुनी बी हुईल. मी हसनाऱ्यांचा मास्तर हाय."

म्हणून मग तिसऱ्या तासापासून पुन्हा न हसण्याचाच तास. दर शनिवारी. सर वेगवेगळी सोंगं आणत आणि नववी-दहावीची मुलं ओठ घट्ट मिटून बसत. सुरुवातीला कुणालाच जमेना. मग एक मुलगी जमवायला लागली, मग मागचा एक बाक, मग हळूहळू अर्धा वर्ग. मुलांना त्याचं वेड लागलं. घरी जाऊन एकमेकांची परीक्षा घेत. आया शाळेत येऊन विचारायला लागल्या, "आमची पोरगी जेवताना दगडागत बसतीया, काय शिकवालाय तिला?"

एकदा मी बेळगावच्या खडेबाजारात शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांना घालायची कव्हरं आणायला गेले होते, लायब्ररी माझ्याकडेच होती, तर भांड्यांच्या दुकानापुढे सर. स्टीलच्या एका मोठ्या घागरीपुढे वाकून, त्यात आपलं तोंड वाकडंतिकडं करून पाहत होते. घागरीच्या पोटात ते आणखीच फुगत होतं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "घेनार हाय काय घागर?"

"न्हाय. नवं तोंड बसतंय काय बघालोय. शनवारला पायजे."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्याच भांड्याची किंमत विचारली.

त्या दिवशी बसमध्ये शेजारी बसले असताना मी माझं मनात असलेलं बोलले. मला पुस्तकं वाचून वाचून शंका फार. म्हटलं, "मुलांना हसू नका म्हणून शिकवणं हे मला जरा उदास वाटतं, सर. हसणं वाईट असतं का?"

"कोन म्हनतंय वाईट?" ते एकदम मोठ्यानं बोलले, पुढच्या सीटवरचा माणूस जागा झाला. "हसा की पोटभर. पन हसू आलं की एक श्वास थांबायचं. कुनाच्या जिवावर चाललंय ह्ये, तेवढं बघायचं. मग हसा न्हाय तर हसू नका. त्यो एक श्वास, टीचर, तेवढाच शिकवालोय मी. बाकी सगळं सोंग."

त्यांचा हा तास चालू आहे हे वर कळलं आणि एक अधिकारी पाहणीला आले. फार भले गृहस्थ. मुलांशी मोकळं व्हावं म्हणून त्यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत एक विनोद सांगितला. मग स्वतःच हसून थांबले.

नववी-दहावी दगडासारखी बसली होती. मुलांना वाटलं ही परीक्षा आहे. सरांनी नवं सोंग आणलंय, या वेळी खरा साहेबच आणलाय.

अधिकाऱ्यांनी दुसरा विनोद सांगितला, थोडं नाचूनही दाखवलं. मुलांनी श्वास रोखले. आठवीतली लहान मुलं, ज्यांना हा तास नव्हता, तेवढी खिदळली, त्यामुळे मोठ्यांची शांतता आणखीच भयाण वाटली. अधिकारी हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "काय हो, ही पोरं आजारी आहेत काय?" हेडमास्तर खाकरले आणि त्यांना पुढं बोलताच येईना. मागच्या भिंतीशी सर उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना फार मोठा अभिमान वाटत होता, आणि तो त्या क्षणी लपवायला हवा होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तास बंद झाला. शिवाय सरांना चिकोडीला प्रशिक्षणाला पाठवायचा आदेश निघाला. गुऱ्हाळं सुरू झाली होती. जायच्या आदल्या दिवशी सर लायब्ररीत आले. कानावर खडू नव्हता.

"टीचर, डबा येनार. तुमी खिडकीतनं दिसंल असं उभं ऱ्हावा."

"मी सरळ जाऊन थांबवते."

"थांबवा की. यंदा थांबंल. पुढच्या वर्षी चिंचंखाली न्हाय, उसात हुईल, तिथं तुमी नसनार." ते खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिले. "पन थेंब पडायच्या आत जावा. त्येची आई माझ्या भरवशावर पोरगं सोडून गेलीया. माझा हिशेब चुकला तर तिच्या पोराच्या डोक्यावर नको फिटाय."

इतकं बोलून ते गेले. मला कळेना, इतक्या मुलांच्या एका श्वासाच्या भरवशावर बिरूला कसं सोडायचं.

डबा आला. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि खिडकीतून मी पाहिलं, मैदान चिंचेकडे ओढलं जाऊ लागलं होतं, पाणी उताराला जावं तसं. मी जिन्यावरून पळत सुटले. साडीचा काठ एकदा पायाखाली आला. पोहोचले तेव्हा गर्दी झाली होती. मी मुलींच्या मागे उभी राहिले, पुढं घुसायला जागा ठेवून.

मधोमध बिरू बसला होता. हात गुडघ्यांवर. त्यानं डोळे आधीच घट्ट मिटले होते. थोरल्या भावानं घरी काय काय सांगितलं असेल ते त्या मिटण्यात दिसत होतं. परशा कडीचा डबा घेऊन उभा होता.

"मंडळी, आज आमी नव्याला गोड करनार," परशा म्हणाला. हे ठरलेलं वाक्य. याला दरवर्षी आरोळी उठे.

कुणी काही बोललं नाही.

परशानं डबा उचलून, धनगर मेंढ्यांना हाकारतात तसा आवाज काढला. त्याला नकला चांगल्या येत. मागे कुणीतरी फिस्सकन हसला आणि मधेच थांबला. मी पाहिलं, आठवीतल्या लहान मुलांची नजर मोठ्यांवर होती आणि मोठी मुलं ओठ आत घेऊन उभी होती. कुणाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. पण एरवी तासाला त्यांच्या डोळ्यांत खेळ असे, तो आता नव्हता. ती बिरूकडे पाहत होती. पहिल्यांदाच, मला वाटतं, इतकी सगळी एकदम त्याच्याकडे पाहत होती.

मी पुढं सरकायला लागले होते. डब्याची कड कलली होती.

"हसा की रं," परशा म्हणाला. आवाज चिरकला.

"तूच हास," दहावीतली एक मुलगी म्हणाली. टोमणा मारून नव्हे, साधंच, जसं कुणाला पुढं जा म्हणावं.

परशाला हसता येईना. डब्यातून काकवीची धार सुटली ती त्याच्याच पायावर. बिरूनं एक डोळा उघडला, वर पाहिलं, डोक्याला हात लावून पाहिलं. कोरडं होतं. तो उठला.

"जाऊ काय?"

"जा की," परशा म्हणाला. "कोन धरलंय तुला."

गर्दी दुभंगली आणि बिरू वाटेला लागला.  आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "परशालाच गोड करा रं. पाय तर गोड झालाच हाय."

आणि हसू आलं. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम आलं. परशा मधोमध उभा, पायावर काकवी, एक माशी तिथं बसलेली, आणि भोवती तीच मुलं, तीच तोंडं, जी फळ्यावर काढली होती. कुणीतरी त्याच्या हातातला डबा ओढू लागला.  सगळा हिशेब उलटा पडला होता. मी "थांबा" म्हणाले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

बिरू परत फिरला होता. तो सरळ परशाजवळ आला आणि डब्याची कडी त्यानं एका बाजूनं धरली.

"जड हाय," तो म्हणाला. "धरतो एका बाजूनं."

परशा त्याच्याकडे बघतच राहिला.

"कुठं ठेवायचाय?" बिरूनं विचारलं.

 मग बिरूनंच ठरवलं. शाळेचं दुपारचं जेवण शिजायचं त्या खोलीकडे तो चालू लागला, आणि कडीला दुसऱ्या बाजूनं धरलेला परशा त्याच्याबरोबर ओढला गेला. हसणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एकदम थांबलं नाही. इथून तिथून विरत गेलं, आणि मग मुलं त्या दोघांच्या मागून चालायला लागली.

जेवण वाढणाऱ्या बाईंनी डबा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "यंदा हिकडं कसा आला ह्यो?"

"भातावर वाढा," बिरू म्हणाला.

मी पळतच वर गेले आणि चिकोडीला फोन लावला. सर प्रशिक्षणातून बाहेर आले. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मुलं हसली नाहीत ते सांगितलं. मग हसली तेही सांगितलं, कारण ते लपवणं शक्य नव्हतं. 

"परशा कुठं हाय आता?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. परशा नळावर पाय धूत होता आणि बिरू नळ दाबून धरून उभा होता. ते मी सांगितलं.

"माझ्या तासात ह्ये नव्हतं, टीचर," सर हळू म्हणाले. "हसल्यावर काय करायचं ते मी शिकवलोच न्हाय. त्येला कुनी शिकवलं?"

  सरांनी फोनवर नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा नेहमीचा आवाज.

"काकवी कशी हाय म्हनत्यात?"

खाली मुलं ताटं घेऊन ओळीत उभी होती. कुणी भातावर घेत होतं, कुणी घरून आणलेल्या भाकरीला लावत होतं. माझ्या वर्गातला एक मुलगा बोट चाटत जिन्यापाशी उभा होता. मी त्याला वरून विचारलं आणि फोनवर सांगितलं.

"शंभरपैकी शंभर म्हणतायत, सर."

"थोडी ठेवा मला. आज राती शेवटच्या बसनं येतो."

मी ठेवायला सांगायला खाली धावले, पण उशीर झाला होता. डबा आडवा पडला होता आणि आठवीतली दोन लहान मुलं आत हात घालून, कोपरापर्यंत चिकट होऊन, उरलेली काकवी निपटून काढत होती.